तीन बाजूंना बोंबील, चौथ्या बाजूला समुद्र

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत आमच्याकडे वारा फिरतो. पावसाळाभर समुद्रावरून येणारा दमट वारा थांबतो आणि पहाटे जमिनीकडून कोरडा, गार वारा सुटतो. मी डहाणूत राहते. तिथून नरपड, आमचं गाव, रिक्षाने काही लांब नाही, पण तो वारा सुटला की मला रिक्षात बसायच्या आधीच वाळत्या बोंबलांचा वास येतो. खरोखर येतो की आठवणीतून येतो, हे मी तपासत बसत नाही. शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणारी मंडळी किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या नाक दाबतात. मागे एक गुजराती बाई आईच्या तोंडावर म्हणाली होती, "केटली वास आवे छे." आईने तिला तिच्याच भाषेत सांगितलं की मग थोडी घेऊन जा, आणि खरंच दोन जुड्या तिच्या गळ्यात मारल्या. ज्यांना नाक दाबायचं असेल त्यांनी खुशाल दाबावं. मला पुढचं सगळं त्या वासातूनच सांगायचं आहे.

तो वास आला की माझे हात शिवशिवतात. बेसबॉलसाठी.

हे सांगितलं की लोक हसून विचारतात, क्रिकेट म्हणायचंय का? क्रिकेट म्हणायचं असतं तर मी क्रिकेटच म्हटलं असतं. आमच्या शाळेत नवीन आलेले खेळाचे सर बेसबॉलचा किट घेऊन आले, तेव्हा मुलांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि परत ठेवून दिला. स्टम्प नसलेला खेळ त्यांना नको होता. मग सरांनी मुलींना विचारलं. आम्हाला तोवर कुणी कुठल्याच खेळाबद्दल काही विचारलं नव्हतं, त्यामुळे खेळ काय आहे हे कळायच्या आधीच आम्ही हात वर केले. शाळेचं मैदान अर्थातच क्रिकेटकडे होतं. सर म्हणाले, मैदान तुम्ही शोधा, खेळ मी शिकवतो. मी किटचं पोतं खांद्यावर मारून घरी आणलं.

बाबा तेव्हा ओट्यावर जाळं विणत बसले होते. त्यांनी पोत्यातला चामड्याचा ग्लोव्ह काढला, हातात चढवला, बोटं उघडझाप करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. दोन बोटांमधली वादी सैल आहे, म्हणाले, यातून बॉल निसटणार. जाळ्यातून मासळी निसटणं आणि ग्लोव्हमधून बॉल निसटणं हे त्यांच्या लेखी एकच होतं. त्यांनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेतला आणि त्या ग्लोव्हच्या बोटांमध्ये असं काही विणकाम केलं की सरसुद्धा बघत राहिले. पुढे चेंडूची शिवण उसवली की बाबाच शिवायचे, बॅटला चीर गेली की बाबाच दोरा गुंडाळायचे. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत धड कळले नाहीत. पळणारी मुलगी मध्येच बेसवर का थांबते, सरळ घरी का येत नाही, असं ते दर वर्षी विचारायचे. पण त्या ओट्यावर ते जे आमच्या टीमचे झाले ते झालेच.

मैदान आईने मिळवलं. ते कसं मिळवलं, हे सांगताना मला अजून गुदगुल्या होतात.

आमच्या वाडीत प्रत्येक घराची बोंबील वाळवायची जागा ठरलेली असते. बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या जोड्या दोरीवर टाकायच्या. या मांडवाला आम्ही वलांडी म्हणतो. दुसऱ्याच्या वलांडीला कुणी हात लावत नाही, आणि एकदा तिच्यावर माल चढला की ती हंगाम संपेपर्यंत हलवायची नाही, आणि ओला माल वाळायच्या आधी उतरवायचा नाही, ही रीत आहे. त्या वर्षापर्यंत सगळ्या वलांड्या किनाऱ्याला धरून एका रांगेत उभ्या असायच्या. आईने आमची वलांडी रांगेतून काढून आडवी बांधली. शेजारच्या दोघीतिघींच्या मुली माझ्याबरोबर खेळणार होत्या, त्यांच्या आयांनीही आपापल्या वलांड्या थोड्या इकडे, थोड्या तिकडे सरकवल्या. वाडीतल्या पुरुषांना वाटलं, बायका वाऱ्याची दिशा बघून बांधतायत. माल चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मधोमध एक मोठं, मोकळं, चौकोनी अंगण तयार झालंय. तीन बाजूंना बोंबील, चौथ्या बाजूला समुद्र.

मग बोलणी सुरू झाली. वयात आलेल्या पोरी तंगड्या टाकून पळतात, वाळूत लोळतात, लोक काय म्हणतील. आईने शांतपणे सांगितलं की वलांड्या हलवा, आमचं काही म्हणणं नाही. हलवणार कोण? माल चढलेली वलांडी हलवायची रीतच नव्हती. आम्ही सिमेंटच्या गोणींमध्ये वाळू भरून बेस केले. बोंबलांना चेंडू लागू नये म्हणून बाबांनी बॅट धरणारीच्या मागे आपलं जुनं जाळं टांगलं, आणि आमचा खेळ सुरू झाला.

भरतीच्या वेळी त्या अंगणाचा अर्धा भाग पाण्यात जायचा. ओहोटी लागली की ओली, घट्ट वाळू उघडी पडायची, तिच्यावर पाय रुतत नसे. त्यामुळे आमच्या सरावाची वेळ शाळेची घंटा नाही, आई ठरवायची. ती बाजारातून टोपली घेऊन आली की आम्ही विचारायचो, आज कधी? ती बोटांवर तिथी मोजायची आणि सांगायची. अष्टमीच्या सुमाराला भर दुपारी, पुनवेला आणि अवसेला संध्याकाळी. पुनवेच्या संध्याकाळी तर पाणी इतकं लांब जायचं की पळून पळून दम लागायचा. पाण्याचा हिशेब न कळणारे सर सुरुवातीला दोनदा चुकीच्या वेळी आले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून परत गेले. नंतर तेही आईलाच विचारू लागले.

चेंडू फार नव्हते. बरा म्हणावा असा एकच होता. ओहोटीच्या वेळी चेंडू पाण्यात गेला की तो पाण्याबरोबर आतच जायचा. कुणीतरी पोहत जाऊन आणायचं, मग तो वलांडीवर बोंबलांच्या मध्ये टांगायचा आणि वाळेपर्यंत हात चोळत बसायचं. एकदा असाच खेळ थांबला तेव्हा बाबांनी नियम केला. पाण्यात गेला की आऊट. बाबांनी खेळात घातलेली ही एकमेव भर. सरांनी हरकत घेतली नाही, कारण चेंडूची काळजी त्यांनाही होतीच. आम्ही सगळ्याजणी खाली, वाळूला चिकटून, दोघींच्या मधून मारायला शिकलो. उंच मारणारीला आमच्यात मान नव्हता. ती आळशी, बेफिकीर, सगळ्यांचा खेळ बुडवणारी.

आता तलासरीचं सांगते. तिथल्या शाळेतही मुलींची टीम झाली होती, आणि आमचा बाहेरचा पहिला सामना त्यांच्याशी ठरला. किटचं पोतं एसटीत ठेवल्यावर कंडक्टरने सुकी मासळी समजून ते मागे टाकायला लावलं. सामना भात कापून झालेल्या शेतावर होता, बांध सपाट करून केलेलं मैदान. त्यांची वनिता नावाची मुलगी बॅट घेऊन आली. तिने आमचा चेंडू हातात घेतला, नाकाशी नेला आणि आपल्या मैत्रिणींना म्हणाली, "ह्यो भाजून खायाचा का खेळायचा?"

सगळं मैदान हसलं. मीही हसले असते, पण मला राग आला होता. मग खेळ सुरू झाला आणि वनिताने पहिल्याच फटक्यात चेंडू उंच उडवला. आमच्या डोक्यांवरून, शेताच्या पलीकडे, पार पळसाच्या झाडांपर्यंत. आणि आम्ही काय केलं? आम्ही सगळ्याजणींनी हात वर केले, आऊट आऊट म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि ग्लोव्ह काखेत मारून सावलीकडे चालू लागलो. एकीनेही चेंडूकडे पाहिलं नाही. वनिता एकेक बेस करत आरामात धावत होती, आणि मी तिला जाता जाता सांगितलं की आता कशाला पळतेस, आऊट झालीस तू. सर दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. मग त्यांनी आम्हाला गोळा करून सांगितलं की जगात इतर ठिकाणी लांब मारलेल्या फटक्याला सगळ्यात जास्त मान असतो.

आम्ही सपाटून हरलो. बोंबील टीम हे नाव त्या दिवशी पडलं. ते पडलं तसं आम्ही उचललं. पुढच्या सामन्यात कुणी नाक मुरडलं की आम्हीच मोठ्याने सांगायचो, हो, बोंबीलच.

त्या दिवशी परत येताना मात्र मी रडत होते. डहाणूच्या बाजारात आई टोपली आवरत होती, तिथेच तिच्या अंगावर गेले. नियम चुकीचा आहे, बाबांनी आमचं हसं केलं, उद्यापासून पाण्यात गेलेला आऊट नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर बाबांनीही ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "बॉल एकच हाय. नियम बदलला तर बॉल कुठून आणशील?"  नियम राहिला. आज मला त्याचं बरंच वाटतं, कारण ते खालून सरपटत जाणारे फटके अडवायला बाहेरच्या टीमना फार जड जायचं. पुढे काही सामने जिंकलोही. ज्या फटक्याला लोक घाबरट म्हणायचे त्याच्यावरच जिंकलो. वनिताशी माझी मैत्री मात्र त्या हरलेल्या सामन्यापासूनची. तिच्या घरचे चिकूच्या तोडणीसाठी घोलवडला यायचे, तेव्हा ती तिथून चालत नरपडला यायची आणि आमच्या मैदानावर हमखास आऊट व्हायची. उंच मारायची खोड तिला सोडवत नव्हती.

हे सगळं या वर्षी जास्तच आठवलं. कारण या वर्षी मैदान जायची वेळ आली होती.

बाबा काही वर्षांपूर्वी गेले. होडी विकली. भाऊ कारखान्यात लागला, सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी होडीतून आपलं छोटं जाळं टाकून वलांडीपुरते बोंबील आणायचा. आता माझी भाची दिव्या बोंबील टीममध्ये खेळते. वनिता तलासरीच्या मुलींना शिकवते, आणि हंगामात दोन्हीकडच्या मुली आमच्याच वाळूवर एकत्र सराव करतात. मुलींच्या आया बदलल्या, वलांड्या मात्र तशाच आडव्या. पण या वर्षी बोंबील नव्हता. मोठ्या होड्यांनाही नव्हता, तिथे भावाच्या छोट्या जाळ्याची काय कथा. काही घरांनी जेमतेम एखादी दोरी भरली. आमची पूर्ण रिकामी.

गावकीची आणखी एक रीत आहे. त्रिपुरी पौर्णिमेला दुपारी वाडीतली मोठी माणसं नारळ घेऊन किनाऱ्याने फिरतात. आपल्या जाळ्याने समुद्रातून काढलेला ओला माल ज्या वलांडीवर असेल तिची जागा त्या घराकडे राहते. रिकामी असेल तर जागा मोकळी झाली असं धरतात आणि मागेल त्याला देतात. आमची जागा मागणारा तयार होता. माझा चुलतभाऊ भरत. त्यानेही होडी विकलेली, आणि सुट्टीला येणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा हवी होती. आमची वलांडी निघाली की गाड्या थेट मैदानात उतरू शकत होत्या. तो वाईट माणूस नाही. त्याने घरी येऊन आईला सरळ सांगितलं, "काकी, मासळी गेली. आता गाड्याच आपला माल."

आई म्हणाली, पुनवेला बघू.

मला भरतचा राग येत नव्हता, म्हणून आणखी चिडचिड होत होती. रागवायला कुणीतरी धड दुष्ट माणूस तरी हवा. मी आईला म्हटलं, कुणाकडून तरी थोडे बोंबील घेऊन टांग. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लहान होऊन खाली बसले. दुसऱ्याच्या जाळ्यातला माल आपल्या वलांडीवर टांगून जागा राखायची ही चोरी आहे, हे तिला बोलून दाखवावं लागलं नाही. तिने भावाला बांबू रोवायला लावले. दोऱ्या ताणून घेतल्या. आणि ती रिकामी वलांडी दिवसेंदिवस तशीच उभी राहिली. भर हंगामात रिकामी दोरी बघायला फार वाईट वाटतं. मी संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे तेव्हा दिव्या आणि तिच्या मैत्रिणी नेहमीसारख्या पळत असायच्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

पौर्णिमेच्या सकाळी आईचा फोन आला. वनिताला बोलाव, मुलींना घेऊन ये, आणि बॉल असतील तेवढे आण. मी म्हटलं, आज पुनव, सकाळी पाणी चढणार, सराव कसा होणार? ती म्हणाली, चढणारंच पाणी पाहिजे.

आम्ही पोचलो. वनिताने तलासरीहून चिकूच्या करंडीत भरून चेंडू आणले होते. पाणी चढत होतं, मैदान पाऊणभर उरलं होतं. आईने बॅट दिव्याच्या हातात दिली आणि समुद्राकडे बोट केलं.

"पाण्यात मार."

दिव्या बघतच राहिली. "आजी, आऊट होईन ना."

"हो आऊट. सगळ्या व्हा."

त्या मुलींना उंच मारताच येईना. दिव्याचे फटके वाळूवरून सरपटत जायचे आणि पाण्याच्या कडेला थांबायचे. तेव्हा वनिता पुढे झाली, पदर खोचला, आणि तिने इतकी वर्षं ज्या फटक्यासाठी आमच्याकडून शिव्या खाल्ल्या होत्या तो मारला. चेंडू लाटांच्या मागे पडला. दुसरा, तिसरा. मग माझी पाळी. मी या मैदानावर लहानाची मोठी झाले, पण समुद्रात चेंडू मारला नव्हता. पहिला डोळे मिटून मारला. दुसरा मारला तेव्हा मोठ्याने हसले, आणि मग मला थांबवतच नव्हतं. गेली ती मासळी, येणाऱ्या त्या गाड्या, लोक काय म्हणतील ते सगळं मी त्या पाण्यात मारत होते.

चेंडू तरंगत होते. ओहोटीला आत नेणारं पाणी भरतीला त्यांना परत आणत होतं. आईने बाबांचं जुनं जाळं सोडवलं, इतकी वर्षं बॅटवालीच्या मागे टांगलेलं. एक टोक तिने धरलं, दुसरं भावाने, आणि दोघं कमरेपर्यंत पाण्यात उतरली. चेंडू जाळ्यात आले. आम्ही ते बाबांच्याच जाळ्यांच्या जुन्या तुकड्यांमध्ये बांधून, दोन-दोनची जोडी करून, वलांडीवर टाकले. दोरीन् दोरी भरली. खाली वाळूत थेंब पडत होते.

दुपारी नारळ घेऊन मंडळी आली. पुढे तांडेल आबा, एके काळी सगळ्यात मोठ्या होडीवर हुकूम चालवलेले, आता काठी टेकत. मागे भरत. आमच्या वलांडीपाशी सगळे थांबले. भरत म्हणाला की काकी, ही काय मासळी झाली? आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आबांशी बोलली.

"आपल्या जाळ्याने काढलेला, समुद्रातला, ओला माल. रीत एवढीच हाय ना, आबा? मासळी हा शब्द तिच्यात कधी होता ते सांगा."

आबा पुढे आले. त्यांनी एक चेंडू मुठीत दाबला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. चेंडूभोवतीचं जाळं बोटांनी चाचपलं. त्यातली गाठ कुणाची आहे ते त्यांना कळलं असावं, कारण बाबा त्यांच्याच होडीवर जाळं विणायला शिकले होते. मग त्यांनी ओला हात नाकाशी नेला. आमच्या चेंडूंवर इतक्या हंगामांचे बोंबील वाळले आहेत की तो वास समुद्राच्या पाण्यानेही जात नाही.

"वास तर बोंबलाचाच येतो," आबा म्हणाले, आणि नारळ आमच्या बांबूच्या बुडाशी फोडला.

 आई ओल्या लुगड्याने तशीच उभी होती. मला वाटलं आता रडेल. ती खोबरं वाटायला लागली. भरतच्या हातावर तिने मोठा तुकडा ठेवला.

संध्याकाळी पाणी लांब गेलं, पुनवेला जातं तसं. ओली, घट्ट वाळू, आणि आकाशात अजून उजेड. खेळायला याहून चांगली वेळ नसते. पण चेंडू सगळे वलांडीवर, आणि चढलेला ओला माल वाळायच्या आधी उतरवायची रीत नाही. मुली थोडा वेळ चुळबुळत राहिल्या. मग दिव्याने रिकामी बॅट फिरवली आणि पळत सुटली. वनिताच्या मुलींनी नसलेला चेंडू अडवला, फेकला, झेलला. दिव्या तिसऱ्या बेसवर वाळू उडवत घसरत आली. वलांड्यांच्या बाहेर गाड्या थांबल्या होत्या, काचा वर करून माणसं बघत होती.

"आऊट," आई म्हणाली.

"नाय काकी, पोचली ती," बाहेरून भरत ओरडला.

दिव्या उठून गोणीवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. आईने पुन्हा आऊट म्हटलं. दिव्या हलली नाही.